सभागृहातली खेळीमेळी: आपल्या विधिमंडळातले विनोद, कोपरखळ्या आणि प्रथा

पिंपळपान

१ डिसेंबर २०१९ चं विधानसभेचं कामकाज ज्यांनी टीव्हीवर थेट पाहिलं त्यांना आठवत असेल. नाना पटोले त्या दिवशी अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आले आणि देवेंद्र फडणवीस विरोधी पक्षनेते झाले. आधीचा महिना कसा गेला होता ते सांगायला नको. निकाल, राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, मग तेही सरकार पडलं आणि वर्षानुवर्षांची युती मोडून तीन पक्षांचं नवं सरकार आलं. सगळे एकमेकांवर खार खाऊन होते. पण अभिनंदनाच्या भाषणांना सुरुवात झाली आणि वातावरण बघता बघता बदललं.

फडणवीसांनी जुलैमधल्या अधिवेशनात 'मी पुन्हा येईन' म्हटलं होतं आणि निवडणुकीत तेच वाक्य गाजलं होतं. त्यावरून जयंत पाटील, भुजबळ अशा मुरलेल्या मंडळींनी चिमटे काढायला सुरुवात केली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, मी या सभागृहात येईन असं कधीच म्हणालो नव्हतो, तरी आलो. फडणवीसांनी उत्तर दिलं की येईन म्हणालो होतो, फक्त वेळापत्रक द्यायचं राहून गेलं. जोडीला समुद्राच्या ओहोटीवरचा एक हिंदी शेरही ऐकवला. दोन्हीकडची बाकं वाजली. राजकारण जिथल्या तिथेच राहिलं, पण महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या दुपारी एकमेकांकडे बघून हसली.

हा धागा त्यासाठीच काढलाय. विधिमंडळ म्हटलं की आपल्याला गोंधळ, वेलमध्ये म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरणं, राजदंड पळवणं, तहकुबी एवढंच आठवतं. विनोदाची आणि हलक्याफुलक्या प्रथांची जी जुनी वहिवाट तिथे आहे, तिच्यामुळे ही माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांशी बोलू शकतात, असं माझं ठाम मत आहे. ती वहिवाट टिकली पाहिजे.

सभागृहाची रचनाच विनोदाला पोषक आहे. कुणाला काहीही म्हणायचं असलं तरी समोरच्याशी थेट बोलायचं नाही, 'अध्यक्ष महाराज' म्हणून अध्यक्षांना उद्देशून बोलायचं. त्यामुळे ज्याला टोमणा मारायचा तो दहा फुटांवर बसलेला असतो आणि त्याच्याविषयी 'सन्माननीय सदस्य' म्हणून आडून बोलावं लागतं. शिवी द्यायला ही वाट फार लांबची, कोपरखळीला मात्र अगदी सोयीची.

नव्या अध्यक्षांची निवड झाली की मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेते त्यांना दोन बाजूंनी आसनापर्यंत घेऊन जातात. ही प्रथा ब्रिटिश संसदेतून आली. तिथे तर अध्यक्ष जायला तयार नसल्याचं नाटक करतात आणि त्यांना ओढत न्यावं लागतं. आपल्याकडे ओढाओढ नसते, पण पुढची भाषणं ऐकण्यासारखी असतात. ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले तेव्हा विधानपरिषदेचे सभापती होते रामराजे नाईक-निंबाळकर, म्हणजे त्यांचे सासरे. एका सभागृहात सासरे, दुसऱ्यात जावई. मग काय, मानपान, रुसवेफुगवे, जावयाचे लाड यांवर किती तरी वेळ कोट्या चालल्या. अजित पवारांनी तर नार्वेकरांचा शिवसेना, राष्ट्रवादी, भाजप असा सगळा प्रवास मांडला. हे जिथे जातात तिथल्या नेत्याच्या जवळचे होतात, तेव्हा शिंदेसाहेब, तुम्हीही त्यांना लवकर आपलंसं करून घ्या, असा सल्ला त्यांनी मुख्यमंत्र्यांना भर सभागृहात दिला. त्यावर शिंदे हसले, फडणवीस हसले आणि आसनावर बसलेले नार्वेकरही हसले. राज्यात काय उलथापालथ चालली होती ते आठवून पाहा, म्हणजे त्या हसण्याची किंमत कळेल.

तुम्हाला आठवणारे प्रसंग, प्रथा, माणसं लिहा. फक्त आपापल्या पक्षाची बाजू इथे लढवू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

धागा आवडला. पण कोणी तरी येऊन 'नागपूरचं हुरडा अधिवेशन' म्हणेलच, त्याआधी मीच बोलून घेतो.

हिवाळी अधिवेशन आलं की मुंबई-पुण्याकडचे लोक हुरडा पार्टी, संत्री, सावजी आणि गुलाबी थंडी यांवर विनोद करतात. आम्हालाही त्यात मजा वाटते. हुरडा पार्ट्या होतात हे खरंच आहे. डिसेंबरात ज्वारीचं कणीस हुरड्यात येतं, मग पाहुण्यांना शेतावर न्यायचं नाही तर काय करायचं? आणि त्या पार्टीत पक्ष नसतो. शेकोटीभोवती गोवरीच्या आरात कणसं भाजली जातात, हातावर चोळून दाणे काढले जातात आणि सत्ताधारी-विरोधक एकाच पत्रावळीतून खातात. कितीतरी अडलेली कामं तिथे मार्गी लागल्याचं इथली जुनी माणसं सांगतात.

पण हे अधिवेशन काही सहल नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला तो शब्द आहे. मध्य प्रांताची राजधानी असलेलं शहर महाराष्ट्रात सामील झालं, तेव्हा दरवर्षी काही काळ सरकार इथे येईल असं ठरलं आणि १९६० पासून ते येतं. रामगिरी, देवगिरी, रविभवन, आमदार निवास ही मंत्री-आमदारांच्या मुक्कामाची ठिकाणं, हे सगळं त्या दोन आठवड्यांसाठी झाडून-पुसून तयार होतं. मोर्चे येतात, बैलगाड्या येतात. तुम्ही विनोद करा, हक्काने करा, पण तो शब्द विसरू नका.

आता आमच्याकडचा किस्सा. २०१८ साली पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपुरात घेतलं, १९७१ नंतर पहिल्यांदाच. ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनातल्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं. पावसाळी अधिवेशन पावसानेच बंद पाडलं! त्या दिवशी मोबाईलच्या उजेडात बसलेल्या आमदारांचे फोटो सगळीकडे फिरत होते. विरोधकांना त्या दिवशी भाषणाची गरजच उरली नाही.

मन्याडकाठ

विनोद आणि विधानसभा म्हटलं की आमच्याकडे एकच नाव, भाई केशवराव धोंडगे.

कंधारचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार. १९५७ ला पहिल्यांदा निवडून आले. एकूण पाच वेळा आमदार आणि १९७७ ला नांदेडहून खासदार. मन्याड खोऱ्याचा वाघ म्हणायचे त्यांना. आणीबाणीत तुरुंगात गेलेला माणूस, पण बोलायला उभा राहिला की सभागृह आडवं व्हायचं. धोतर, टोपी आणि भाषा थेट मन्याड नदीच्या काठची. पुस्तकी मराठीत ज्याला प्रश्न म्हणतात तो ते गावच्या पारावर गाऱ्हाणं मांडावं तसा मांडायचे. मंत्र्याला कळायच्या आत लोक हसायचे, आणि हसणं ओसरलं की मंत्र्याला कळायचं की आपल्याला उत्तर द्यायचंय.

त्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं आणि गुराखीगड उभा केला. 'जयक्रांती' हे त्यांचं साप्ताहिक. ज्याची कुणी दखल घेत नाही त्याला मान द्यायचा, आणि ज्याला फार मान आहे त्याची टोपी जरा तिरकी करायची, असा त्यांचा खाक्या. १ जानेवारी २०२३ ला गेले, शंभरी ओलांडून. माझे वडील त्यांच्या सभांना चालत जायचे. म्हणायचे, भाईंच्या सभेत पोट दुखेस्तोवर हसायचं आणि घरी येताना राग घेऊन यायचं, परिस्थितीचा राग. असा विनोद आता कुठे ऐकू येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सडेतोड

स्पष्ट लिहितो. अधिवेशनाचे दिवस आधीच थोडे. प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे एक तास, त्यात यादीतले मोजकेच तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, पुकारले जातात. माझ्या तालुक्यातल्या पाणीयोजनेचा प्रश्न यादीत असून वेळेअभावी राहिला, आणि त्याच दिवशी सभागृहात शेरोशायरी रंगली होती. लोकांच्या पैशावर चालणारं सभागृह आहे. हसवणूक बाहेर करा.

पिंपळपान

सडेतोड, तुमचा राग रास्त आहे. प्रश्नोत्तराच्या तासात एखाद्या मंत्र्याने कोटी करून उत्तर टाळलं तर तो विनोद नव्हे, ती पळवाट आहे. अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्याला मुद्द्यावर आणलं पाहिजे.

पण मी म्हणतेय ते प्रसंग वेगळे आहेत. अभिनंदनाचा प्रस्ताव, निरोप, अर्थसंकल्पाचं भाषण, रात्री उशिरापर्यंत चाललेली चर्चा. माझा अनुभव असा की ज्या आमदारांना विनोद जमतो त्यांचा बहुतेक वेळा अभ्यासही दांडगा असतो. विषयाची माहिती नसताना समोरच्याच्या बोलण्यातली फट ऐनवेळी दिसत नाही. आर. आर. पाटील घ्या, गोपीनाथ मुंडे घ्या, विलासराव घ्या. मुंडे विरोधी बाकावर आणि विलासराव सत्तेत, दोघांची मैत्री जगजाहीर होती, तरी मुंडे सरकारला सोडत नव्हते. मैत्रीने विरोध बोथट झाला नाही, विखार तेवढा गेला.

निवृत्त_लघुलेखक

मी बरीच वर्षे लघुलेखनाच्या क्षेत्रात काढली. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द टिपणारे प्रतिवेदक माझ्या परिचयाचे. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

अध्यक्षांच्या आसनासमोर त्यांचं टेबल असतं. थोड्या थोड्या मिनिटांची पाळी. एक उठतो, दुसरा बसतो, पहिला जाऊन आपला भाग लिहून काढतो. सभागृहात हास्याचा स्फोट होतो तेव्हा सगळे हसू शकतात, पेन्सिल धरलेला माणूस हसू शकत नाही. कारण चांगला वक्ता हशा पूर्ण ओसरायची वाट पाहत नाही. तो हशाच्या पोटातच पुढचं वाक्य टाकतो, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. ते सुटलं तर इतिहासातून सुटलं. तेव्हा दात दाबून मान खाली. पाळी संपून बाहेर आलं की मग व्हरांड्यात हसायचं.

दुसरं, आक्षेपार्ह शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकतात. पण नक्कल कागदावर येतच नाही. २२ डिसेंबर २०२१ ला भास्कर जाधवांनी पंतप्रधानांची नक्कल केली, केवढा गदारोळ झाला, शेवटी त्यांनी माफी मागितली. पन्नास वर्षांनी कुणी त्या दिवसाचं कामकाज वाचलं तर त्याला फक्त शब्द दिसतील. आवाजाचा हेल, हातवारे, चेहरा काही दिसणार नाही, आणि एवढा गोंधळ कशावरून झाला ते कळणार नाही. सभागृहातला निम्माअधिक विनोद असाच हरवतो. जुन्या काळातल्या भाषणांची कीर्ती ऐकून कार्यवाही वाचायला जावं तर पुष्कळदा मजकूर साधाच वाटतो. ऐकणाऱ्यांना जे मिळालं ते वाचणाऱ्यांना मिळत नाही.

कट्टा_क्र_७

अत्रेंचा कोंबड्याचा किस्सा अजून कोणी टाकला नाही? विधानसभेत विरोधात तुम्ही एकटे, एवढ्या सगळ्यांना कसे पुरणार, असं कुणी तरी विचारतं. मग ते खुराड्यातल्या दीडशे कोंबड्या आणि एका कोंबड्याचा हिशेब सांगतात. आमच्या ऑफिसात दर वर्षी कोणी ना कोणी सांगतंच.

निवृत्त_लघुलेखक

कट्टा, किस्सा खुमासदार आहे, पण जरा ताडून पाहा. आचार्य अत्रे १९५७ ला दादरमधून निवडून आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला अक्षरशः झोपवलं होतं. एस. एम. जोशी, उद्धवराव पाटील असे एकाहून एक खंदे गडी विरोधी बाकांवर होते. अत्रे तिथे एकटे कुठे होते? तो किस्सा जाहीर सभांमधून आणि गप्पांमधून वाढलेला आहे. अत्र्यांच्या नावावर असे पुष्कळ किस्से जमा झालेत, लोकांचं त्यांच्यावर प्रेम होतं म्हणून. पण समोर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांसारखा शांत, वाचलेला, रसिक माणूस आणि विरोधी बाकावर अत्रे, हा सामनाच त्या सभागृहाचं वैभव होता. त्याला कोंबड्याची गरज नाही.

अक्षरवेल

विधानपरिषदेबद्दलही लिहायला हवं. ७८ सदस्यांचं छोटं सभागृह, त्यातले १२ राज्यपालनियुक्त. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतून येणारे. या दाराने गदिमा आले, ना. धों. महानोर आले, रामदास फुटाणे आले. सरकारवर वात्रटिका लिहिणारा कवी त्याच सरकारसमोर सदस्य म्हणून बसतो, हे चित्रच मला फार आवडतं. प्रमोद नवलकरही तिथलेच. वेश पालटून रात्रीची मुंबई पालथी घालणारा माणूस, सभागृहात बोलायला उभा राहिला की त्याच्याकडे शहराच्या खबरा असायच्या आणि सांगण्याची हातोटीही.

अर्थसंकल्पाची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. अर्थमंत्री विधानसभेत अर्थसंकल्प मांडत असतात त्याच वेळी विधानपरिषदेत दुसरे मंत्री, बहुधा अर्थ राज्यमंत्री, तोच वाचत असतात. म्हणजे भाषणात पेरलेला अभंग किंवा शेर दोन्ही सभागृहांत जवळपास एकाच वेळी वाचला जातो. ज्यांनी तो निवडला त्यांच्या तोंडी तो खुलतो. दुसरीकडे वाचणाऱ्याची खरी परीक्षा असते. सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री होते तेव्हा त्यांच्या भाषणातल्या ओळींना विरोधक ओळींनीच उत्तर द्यायचे. मला ही प्रथा मोलाची वाटते. कोटींच्या आकड्यांत दोन तास बुडालेल्या सभागृहाला तुकोबांची एक ओळ वर काढते.

चहावाली_बातमी

चहापान राहिलं की! महाराष्ट्रातली सगळ्यात नियमित पाळली जाणारी संसदीय प्रथा म्हणजे चहापानावर बहिष्कार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात रामगिरीवर. विरोधी पक्ष आधी आपली बैठक घेतात, मग लांबलचक पत्र लिहून कळवतात की शेतकऱ्यांचे प्रश्न, कायदा-सुव्यवस्था, अमुक-तमुक कारणांमुळे आम्ही येणार नाही. ते पत्र पत्रकारांना मिळतं. संध्याकाळी मुख्यमंत्री पत्रकार परिषदेत त्या पत्रावर बोलतात. सरकार कुठलंही असो, क्रम हाच. काल बहिष्कार घालणारे आज यजमान झाले की तेही तितक्याच मनापासून निमंत्रण पाठवतात.

लोक याला फार्स म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. त्या पत्रात विरोधकांचं अख्ख्या अधिवेशनाचं धोरण असतं. आणि आदल्या संध्याकाळच्या त्या पत्रकार परिषदा ऐकण्यासारख्या असतात. २०२५ च्या मार्चमध्ये एकनाथ शिंदे म्हणाले, माझी आणि फडणवीसांची खुर्ची अदलाबदल झाली, अजितदादांची तेवढी कायम राहिली. अजितदादांनी शेजारी बसल्या बसल्या उत्तर दिलं, तुम्हाला खुर्ची टिकवता आली नाही त्याला मी काय करू! तिघंही खदखदून हसले. माझी इच्छा एवढीच, की कधी तरी विरोधकांनी पत्रही द्यावं आणि चहालाही जावं. जे हजार शब्दांत लिहिलंय ते कप हातात घेऊन समोर सांगावं.

शाळामास्तर_९वी_ब

आमच्या शाळेची मुलं विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत नेली होती. आत शिरण्यापूर्वी पिशव्या, मोबाईल, सगळं बाहेर. मुलांना आधीच बजावलं जातं: बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, पायावर पाय टाकून बसायचं नाही, हसायचंही नाही. खाली सभागृहात एका ज्येष्ठ सदस्याने मंत्र्यांची अशी फिरकी घेतली की सगळी बाकं वाजायला लागली. वर आमची पोरं गाल फुगवून, ओठ दाबून बसलेली. एका मुलीने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. सुरक्षारक्षक कठोर चेहऱ्याने आमच्याकडे बघत होता, आणि मग त्यालाच हसू आवरेना म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

परतीच्या गाडीत मुलांनी विचारलं, सर, ते भांडत होते ना, मग हसत का होते? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. मी त्यांना सांगितलं, भांडण मुद्द्याचं होतं, माणसाशी नव्हतं. मुलं पुढे वर्गातल्या वादविवादात 'अध्यक्ष महाराज' म्हणू लागली. वर्गमंत्र्यावर रोज लक्षवेधी सूचना यायला लागली. तारांकित प्रश्न, हरकतीचा मुद्दा, सगळं त्यांना आपोआप पाठ झालं. परीक्षेसाठी घोकून जे होत नव्हतं ते एका हशाने झालं.

सडेतोड

मास्तरांचा प्रतिसाद आवडला. पण मग विधानभवनाच्या पायऱ्यांवर जे चालतं ते काय? कांद्याच्या माळा, कापसाची बोंडं, गाजरं, घोषणा. त्यालाही खेळीमेळी म्हणणार का?

पिंपळपान

हाच मुद्दा मला मांडायचा होता, तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

सभागृहात फलक, वस्तू आणायला मनाई आहे, म्हणून पायऱ्या आल्या. कापसाला भाव नाही म्हणून बोंडांची माळ घालून उभं राहणं ही परंपरा मला मान्य आहे. ते चित्र गावापर्यंत पोचतं, आणि ज्या विरोधकांना आत बोलू दिलं जात नाही त्यांना तेवढीच जागा असते. पण कॅमेरे आता पायऱ्यांसमोर उभे असतात, त्यामुळे विनोदही हळूहळू तिकडे सरकलाय. आणि जागा बदलली की जात बदलते. आतल्या कोपरखळीला उत्तर मिळतं, कारण ती ज्याच्यावर आहे तो तिथेच बसलेला असतो, त्याला उठून बोलायचा हक्क असतो आणि मध्ये अध्यक्ष असतात. पायऱ्यांवरची घोषणा कॅमेऱ्याला ऐकवलेली असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये, शिंदे गटाच्या आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी 'पन्नास खोके'ची घोषणा पायऱ्यांवर आली. मग सत्ताधाऱ्यांनीही त्याच यमकात घोषणा केल्या, आणि चार-आठ दिवसांत त्याच पायऱ्यांवर धक्काबुक्कीपर्यंत प्रकरण गेलं. त्याआधी डिसेंबर २०२१ ला आदित्य ठाकरे आत जाताना पायऱ्यांवर बसलेल्या नितेश राणेंनी मांजराचा आवाज काढला. त्यावरून सभागृहात रणकंदन झालं. निलंबनाची मागणी झाली, आमदारांसाठी आचारसंहिता आली. आवाज काढून निघून जाण्यात विनोदाचं निम्मं कामच होत नाही, कारण समोरच्याला उत्तराची संधी नाही.

आणि आत झालेल्या विनोदाचं बाहेर काय होतं तेही बघा. १६ जुलै २०२५, विधानपरिषदेत अंबादास दानवेंचा निरोप समारंभ. उद्धव ठाकरे सभागृहात हजर. फडणवीस म्हणाले, २०२९ पर्यंत आम्हाला तिकडे यायला वाव नाही, तुम्हाला इकडे यायला आहे, वेगळ्या पद्धतीने बघू. सगळे हसले. बाहेर आल्यावर ठाकरेही म्हणाले की काही गोष्टी खेळीमेळीने होतात, त्या खेळीमेळीनेच घ्याव्यात. पण तोवर सगळ्या वाहिन्यांवर 'ऑफर' झळकायला लागली होती. दिवसभर तज्ज्ञ मंडळी त्या एका वाक्याचा कीस पाडत बसली. असं झालं की पुढच्या वेळी माणूस विनोद करताना दहादा विचार करतो. दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. एका इमारतीत, लागोपाठच्या दोन दिवसांत. मला त्या हाणामारीपेक्षा आदल्या दिवशीच्या हसण्याची बातमी जास्त जपाविशी वाटते.

अक्षरवेल

पिंपळपान, शंभर टक्के सहमत. निरोपाची भाषणं तर मी मुद्दाम शोधून ऐकते. परिषदेत दर दोन वर्षांनी काही सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे निरोप ठरलेला. सहा वर्षं ज्याने ज्याच्यावर आग पाखडली तोच उठून त्याच्या सवयी सांगतो, कोण उपाहारगृहात काय मागवतो, कोण बेल वाजली तरी लॉबीतून हलत नाही. या गोष्टी माहीत असायला माणसाने माणसाकडे लक्ष दिलेलं असावं लागतं.

मन्याडकाठ

बाळासाहेब भारदेंचंही नाव यायला पाहिजे. १९६२ ते १९७२ अध्यक्ष होते. संतसाहित्य मुखोद्गत. आसनावरचा माणूस रसिक असला की सभागृहाला आपोआप सूर सापडतो. वाद कुठवर ताणू द्यायचा आणि हसण्यावर कुठे न्यायचा, हे शेवटी अध्यक्षाच्या हातात असतं. चिडलेला अध्यक्ष नुसती तहकुबी देऊ शकतो.

सडेतोड

ठीक. प्रश्नोत्तराचा तास सोडून बाकी वेळी हसा, माझी हरकत नाही. माझ्या पाणीयोजनेचा प्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्हा लावायला सांगितलंय. आमच्या आमदारांना या धाग्याचा दुवाही पाठवलाय. त्यांनी तो प्रश्न सगळ्यांच्या लक्षात राहील असा विचारावा, एवढी अपेक्षा.

वऱ्हाडी_ठेचा

सडेतोड भाऊ, मग डिसेंबरात नागपूरलाच या. गॅलरीचा पास मिळेल का ते आमदारांकडे आधी विचारून ठेवा. ओळखपत्र आणा, मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, स्वेटर घाला. प्रश्नोत्तराच्या तासाला बसा, तुमचा प्रश्न पुकारला जातो का ते स्वतः बघा. संध्याकाळी काटोल रोडला आमच्या शेतावर हुरडा आहे. मन्याडकाठ, मास्तर, पिंपळपानताई, तुम्हालाही बोलावणं. तिळाची चटणी आणि गूळ आमच्याकडून.